फ्रेंच बाई आणि काजळाची तीट

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

बारामतीत आमचा फ्लॅट आहे. मला जुन्या पॉटरीचा नाद. त्यातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे एक फ्रेंच बाई – पन्नासच्या दशकातली स्टुडिओ पॉटरी, वीतभर उंच, राखाडी-निळ्या ग्लेझचा काचेसारखा थर, छातीशी तान्हं मूल. पुण्याच्या एका कलेक्टरच्या मागे लागून मिळवलेली. घरात तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती!

धाकटी बहीण स्वाती इथल्याच दवाखान्यात बाळंत झाली. बाळ फार अशक्त, म्हणून तिला माहेरी वरकुट्याला न नेता माझ्याकडेच ठेवलं आणि आई इकडे आली. पाचवीला सटवाई पुजायची, तर तिच्या जागी मांडायला फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा कुठला? मी बाजारातून परतले तर चौरंगावर माझी फ्रेंच बाई... कपाळाला हळद-कुंकू!

"आई! अगं ती परदेशी मूर्ती आहे!"

"आसंना. पोटाशी ल्योक हाय न्हवं तिच्या? लेकराची काळजी तिला बी कळंल."

मी फणकाऱ्यानं मूर्ती उचलली, ओल्या फडक्यानं कानाकोपरा पुसला, शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. आई एवढंच म्हणाली, "पुजल्याली बाय कोंडू न्हाय, पोरी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई गच्चीवर दुपटी वाळत घालत होती, स्वाती आंघोळीला गेलेली, मी ओट्यापाशी. एकदम खळ्ळकन आवाज आला – काहीतरी फुटल्याचा. शोकेस बाळाच्याच खोलीत. 'गेली माझी बाई!' म्हणत मी धावले.

मूर्ती जागच्या जागी उभी होती. पण पाळण्यात बाळ... ओठ काळेनिळे, नाकातोंडातून दूध. रडायलाही आवाज फुटत नव्हता त्याचा.

पालथं धरून मी पाठीवर थापट्या मारत राहिले. अखेर ते रडलं, आणि मीही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर...

नंतर घरभर शोधलं. साधा कपही फुटलेला नव्हता.

आई बाळाला जवळ घेऊन म्हणाली, "ह्येची तीट कुठं गेली गं? सकाळी म्याच लावली हुती, डाव्या गालावर."

"पुसली असेल," म्हणता म्हणता माझं लक्ष शोकेसकडे गेलं. मातीच्या बाळाच्या डाव्या गालावर काळा ठिपका! कुलूप काढलं, फडक्यानं घासलं, नखानं खरवडलं. निघेना. ठिपका ग्लेझच्या खाली होता.

ओळखीच्या एक पॉटरीवाल्या बाई म्हणतात, मातीत लोखंडाचा कण असला की भट्टीत असे डाग पडतात. पडत असतील. पण मूर्ती घेतली तेव्हाच्या माझ्या फोटोंत तो गाल स्वच्छ आहे.

स्वातीचं बाळ आता सांगवीला, त्याच्या घरी, रांगतंय. शोकेसला कुलूप नसतं. फ्रेंच बाईच्या कपाळावर कुंकू असतं, ते मीच लावते. विश्वास वगैरे काही नाही हं... पण पुसायचा धीर होत नाही.