भावोजींसाठी न लागणारा दिवा

आधीच सांगून टाकतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माणसांवरही जरा कमीच आहे. काही विचित्र घडलं की यात कोणाचा तरी हात असणार, हेच माझ्या मनात पहिलं येतं... आणि बहुतेक वेळा असतोही. तेव्हा हे वाचून कोणी मला भोळसट ठरवू नये.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. मी रत्नागिरीत एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात वायरमन होतो. माझी थोरली बहीण सुमनताई भाट्ये गावात राहायची. चिऱ्यांचं घर, पुढे अंगण, भोवती दगडी गडगा, आणि फाटकापासून ओटीच्या पायरीपर्यंत सरळ वीसेक पावलांची वाट. ताईचे यजमान मधूभावोजी मालवाहू जहाजावर होते. नऊ-दहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी.

आधीच्या एका रजेत त्यांनी परदेशातून एक दिवा आणला होता — कोणी समोरून आलं की आपोआप लागणारा. त्या काळी केवढं अप्रूप! लोक काम नसताना अंगणातून फेऱ्या मारायचे. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने तो गंजून गेला, म्हणून या खेपेला ते नवा घेऊन आले. बसवायला अर्थातच मला बोलावलं.

नव्यातून तीन वायरी निघत होत्या, तपकिरी, निळी आणि लाल. सोबतचा कागद जपानी की कसला, एक अक्षर कळेल तर शपथ. पहिल्यांदा मी चुकलो. दिवा लागला तो विझेचना. "हा तर साधाच बल्ब झाला रे," भावोजी म्हणाले, "एवढा समुद्र ओलांडून आणला तो." मला ते लागलं. मग टेस्टर घेऊन बसलो आणि एकेक वायर समजून घेतली. तपकिरीला फेज, निळीला न्यूट्रल. सेन्सर अंगाची हलती ऊब ओळखतो आणि लाल वायरीतून बल्बला फेज सोडतो. हे डोक्यात बसलं आणि दिवा बिनचूक चालायला लागला. ताईला लागला, मला लागला, शेजारच्या मांजरालाही लागला.

भावोजींना लागला नाही.

चार-पाच दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ते नेहमी कोणाबरोबर तरी यायचे. मग एका तिन्हीसांजेला बाजारातून एकटे आले आणि अंधारातच पायरीला ठेचकाळले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मेल्या, तुझ्या दिव्याला मी दिसत नाय काय?"

मी हसलो. मग त्यांना फाटकापासून चालायला लावलं. नाही लागला. त्याच वाटेने मी चाललो, लागला. सेन्सर खाली वाकवला, काच पुसली, सगळे जोड सोडून पुन्हा बांधले. त्यांचा शर्ट बदलायला लावला. जुना दिवा तर त्यांना व्यवस्थित लागायचा! ताई ओटीवरून बघत होती. ती खाली आली आणि तिने भावोजींचा हात हातात धरला.

"गरम आहे की," ती म्हणाली. "मग असां कसां?"

तिचा आवाज मला आवडला नाही, आणि तिथेच माझा संशय जागा झाला. भावोजींना कंपनीचं बोलावणं आलं होतं, दहा-बारा दिवसांत निघायचं होतं. ताईला ते नको होतं. पुरे झाला समुद्र, आता हातखंब्याला गाडीच्या सामानाचं दुकान टाका, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. मला वाटलं, ही सगळी हिचीच कारवाई. किंवा दोघांची मिळून. भावोजी पहिल्यापासून थट्टेखोर, काहीतरी युक्ती करून माझी फजिती बघत असतील. मी सेन्सरवर मेण, तेल काही फासलंय का तेही पाहिलं. काही नव्हतं, पण संशय गेला नाही.

दोन दिवसांनी ताई म्हणाली, "मी देवळात कौल लावते. देवाने होय म्हटलां तर जा."

"देवळात कशाला?" भावोजी हसले. "हा काय देव दारातच बसलाय. निघायच्या आदल्या दिवशी मी एकटा चालत येतो. लागला तर जातो. नाय लागला तर तार करून टाकतो, येत नाय म्हणून."

"शब्द द्या."

हसत हसत त्यांनी दिला. ताई हसली नाही.

आता मी जे केलं ते लिहितो. मला कोणाचं वाईट करायचं नव्हतं. पण एका दिव्यापायी चांगली नोकरी सुटायची, आणि गावभर होणार की ह्याच्या वायरिंगने घरच्या धन्यालाच ओळखलं नाही... ते मला सहन होईना. खरं सांगायचं तर हे दुसरं कारणच जास्त. ताई देवळात गेलेली असताना मी फेजवरून एक जास्तीची वायर काढली, सेन्सरला वळसा घालून थेट लाल वायरीला जोडली, आणि मध्ये बेलचं बटण टाकून ते खोलीच्या खिडकीआड लपवलं. बटण दाबलं की दिवा लागणार, समोर कोणी असो वा नसो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ताई ओटीवर, दिव्याच्या मागे बसली. मी खिडकीआड, बोट बटणावर. भावोजी फाटकातून आत आले. मी लगेच दाबलं नाही. वाटलं, आज आपोआप लागेल, माझी गरजच पडणार नाही. दहा पावलं झाली. पंधरा झाली. ताई उठून उभी राहिली.

मी बटण दाबलं.

सोडलं असतं तर विझला असता, म्हणून चांगलं मिनिटभर दाबून धरलं. ताईने दिव्याला हात जोडले. भावोजी उजेडात उभे राहून वर बघत होते. त्यांना खूप आनंद झाला असं काही मला दिसलं नाही. म्हणजे त्यांनाही राहायचंच होतं की काय, हा विचार माझ्या मनात पुढे कितीतरी वर्षांनी आला.

दुसऱ्या दिवशी "येतो" म्हणून गेले.

अडीच महिन्यांनी तार आली. एका सकाळी ते जहाजावर कुठेच सापडले नाहीत. समुद्र शांत होता म्हणे. याहून जास्त आम्हाला कधी कळलं नाही.

भावोजींचं दिवसकार्य झाल्यावर मी गुपचूप ती जास्तीची वायर काढली. दिवा पुन्हा तपासला, एकही जोड चुकीचा नव्हता. पुढे सहा-सात वर्षं तो येणाऱ्या प्रत्येकाला लागला. तो खराब झाला तेव्हा मी काढून न्यायला गेलो, तर ताईने हात धरला.

"असू दे रे तिथेच. मी ह्यांना अडवणार होते. पण ह्या दिव्याने होय म्हटलां. माझ्या मनाला तेवढाच आधार आहे, मी अडवलां नाय त्यात माझी चूक नाय."

दिवा भावोजींना का लागत नव्हता, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. त्या संध्याकाळी तो का लागला, याचं मात्र आहे, आणि ते मी ताईच्या तोंडावर कधीच बोलू शकलो नाही.

ज्या मासिकात हे छापून येतंय, ते ताईकडे दर महिन्याला येतं. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते.