शांत म्हणजे घुमा का?

मंडळी, आज सकाळी मी ऑफिसला निघत होते, तेवढ्यात चिपळूणहून एका काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलीला माझ्या ऑफिसातल्या निखिलचं स्थळ आलंय. मस्कतच्या मुलाची चौकशी करायला लोक इथलं मराठी माणूस शोधतात. या वेळी मी सापडले.

"मुलगा कसा आहे गो?"

"शांत आहे."

"शांत म्हणजे घुमा?"

"नाही हो, भिडस्त."

"म्हणजे आईपुढे तोंड उघडायचा नाही. मग माझ्या पोरीने कुणाकडे बघायचं?"

माझ्या एका शब्दाने कुणाचं लग्न मोडायला नको आणि जुळायलाही नको. आमच्या घरी कुणाला नुसतं शिष्ट म्हटलं, तरी बाबा विचारायचे, "तो कसा वागला ते सांग."

म्हणून मी पाहिलं तेवढंच सांगितलं. चहा देणाऱ्या बांगलादेशी भाईच्या हिंदीची सगळे नक्कल करतात, तेव्हा निखिल हसत नाही. पण कुणाला थांबवतही नाही.

काकूंच्या मागून मुलीचा आवाज आला, "ताई, एवढं पुरे. थांबवत का नाही, ते मीच त्याला विचारते."

दुपारी निखिलचा फोन वाजला. तो पार्किंगमध्ये गेला आणि भर उन्हात, हातवारे करत, बराच वेळ बोलत राहिला. खिडकीतून ते पाहून मी 'शांत' आणि 'भिडस्त' हे माझे दोन्ही शब्द मनातल्या मनात मागे घेतले.

माणूस कसा आहे, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता?