माझा फोन हॅक झाला नव्हता

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसणारच तुम्ही. तेव्हा हातातला चहा आधी संपवा, उगाच माझ्या सोफ्यावर सांडाल.

मी असा काही घोळ घातला, की माझ्या नातीचा साखरपुडा मोडता मोडता राहिला. आणि घोळ कशाने घातला? जिभेने नाही. जिभेने मी रोज घालते, घरच्यांना सवय आहे. हा घातला कोडने!

हो, म्हातारी कोड लिहिते. मिटा तोंड. इकडे गुजरातेत, भेस्तानात साड्यांना लेस लावून लावून बोटं सुजली, म्हणून कारखान्यात मला भरतकामाच्या डिझाइनच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिथून पुढे फुकटचे व्हिडिओ बघून पायथन मी माझं मी शिकले. भरमसाट फी भरून क्लासला जाणारी आमच्या सोसायटीतली हुशार मंडळी अडली, की माझंच दार वाजवतात.

सोसायटीच्या ग्रुपवर लोक सकाळी गुलाबाची फुलं टाकतात. मी टीप टाकते. डेटाबेसमधलं काही पुसायचं असेल तर आधी तेच सिलेक्ट करून डोळ्यांनी बघा, मग पुसा. जावास्क्रिप्टमध्ये तुलना करताना बरोबरची चिन्हं दोन नाही, तीन द्या. गिटमध्ये कोड जतन करताना, म्हणजे कमिट करताना, काय बदललं ते लिहा. 'फायनल', 'खरंच फायनल', 'आता देवा शपथ फायनल' असलं लिहू नका. फुलांना बदाम मिळतात, माझ्या टिपांना कोणी अंगठासुद्धा दाखवत नाही. माझं काही बिघडत नाही.

तर, नात हर्षदा. तिचं जमलं कोसाडच्या मुलाशी. मुलगा चांगला, माणसं आमच्यासारखी मूळची खान्देशचीच. साखरपुडा रविवारी आणि मोबाईलवर आमंत्रणं पाठवायची. आता आपल्या लोकांत आमंत्रण म्हणजे काय असतं, मी सांगायला नको. मामाला मामासारखं बोलावलं पाहिजे, आत्याला आत्यासारखं. सरसकट सगळ्यांना एकच मजकूर गेला, की कोणीतरी पंगतीत फुगून बसलंच.

मी म्हटलं, हात्तिच्या! हे तर कोडचं काम.

लिहिला की प्रोग्राम. नातं 'मामा' असेल तर 'आदरणीय मामासाहेब, आपल्याशिवाय मांडवाला शोभा नाही'. 'आत्या' असेल तर 'आत्याबाई, मान तुमचा पहिला'. असं एकेक नातं. आणि यातलं काहीच नसेल तर? तसं होणारच नव्हतं! पण एल्स, म्हणजे 'नाहीतर'चा कप्पा, रिकामा सोडू नये, ही माझीच टीप. मग तिथे आपली गंमत म्हणून टाकलं :

'तू कोण रे उपटसुंभा? आमच्या यादीत शिरलास कसा? जेवायला आलास तर तंगडं मोडीन!'

कोण बघणार होतं? कॉम्प्युटर? त्याला कुठे राग येतो?

आमच्याकडची नावं मी टाइप केली. मुलाकडची हर्षदाने तिच्या मोबाईलवर भरली. टेस्ट केली का म्हणाल, तर केली! आमच्याकडच्या नावांवर. झकास चालला. मग एंटर दाबलं आणि ऐटीत चहा टाकायला गेले.

चहाला उकळी यायच्या आत फोन. नंबर अनोळखी.

"नमस्कार. तुमच्या नंबरवरून मला एक मेसेज आलाय. जरा उघडून बघता का?"

आता तुम्हीच सांगा, भामटे दुसरं काय बोलतात? म्हटलं, बरा सापडला!

"बघते ना. आणि मग ओटीपी सांगते. हो ना?"

"ओटीपी कसला? अहो, मी मुलाचा मामा बोलतोय."

"अगं बाई! कुठला मुलगा? पोलिसांनी धरला असेल ना त्याला? सोडवायला पैसे पाठवू का?"

"पोलिसांचा काय संबंध? बाई, नीट बोला. तुम्हाला लग्न करायचंय की नाही?"

"तुझ्याशी? या वयात?"

पलीकडून नुसता घशातून घर्रर्र आवाज. मी फोन आपटला आणि किती खूश झाले म्हणून सांगू! लगेच तो नंबर ग्रुपवर टाकला : 'हा पक्का भामटा आहे. घ्या समाचार.'

माझ्या टिपांना ढुंकून न बघणारी सोसायटी यावेळी मात्र अशी धावली! शेजारचा गुजराती जिग्नेश तर दारात येऊन छाती फुगवून म्हणाला, "मासी, एने तो में एवी संभळावी छे ने, हवे कोईने फोन नहीं करे!"

एवढ्या शिव्या घातल्या म्हणून मी त्याला चहा पाजला. माझ्या हाताने. आलं घालून.

तो गेला आणि हर्षदा आली. डोळे लाल, हातात मोबाईल.

"मोठमाय," ती मला मोठमाय म्हणते, "तू त्यांच्या मामांना उपटसुंभ म्हणालीस?"

"मी? कधी?"

"मामांना, आत्यांना, त्यांच्या बाबांना... त्यांच्याकडच्या एकूण एक माणसाचं तंगडं मोडणार आहेस तू!"

पायाखालची फरशी सरकली. कॉम्प्युटरकडे पळाले. 'मामा' तर मामाच दिसत होता. मग त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावून छापला, तेव्हा कळलं. मामाच्या मागे एक रिकामी जागा! मोबाईलवर शब्द सुचतो, बोट लावलं की शब्द येतो आणि पाठीमागून एक स्पेस चिकटून येते. माणसाला ती दिसत नाही. कॉम्प्युटरला मात्र स्पेसवाला मामा आणि बिनस्पेसचा मामा ही दोन वेगळी माणसं! आत्यांना स्पेस, काकांना स्पेस, अख्खं वऱ्हाड एल्समध्ये.

स्ट्रिप. एवढा एक शब्द लिहिला असता तर दोन्हीकडच्या रिकाम्या जागा छाटल्या गेल्या असत्या. ही टीप मी ग्रुपवर टाकलेली आहे. मीच वाचायची राहिले.

तेवढ्यात माझा मुलगा संजू आला. "आई, काय करी टाकं तू!" एवढंच बोलला, कारण त्याचा फोन वाजला. मुलाचे वडील. संजूने स्पीकर लावला.

"संजूभाऊ, दिलीपमामा हजीऱ्याहून ड्यूटी सोडून आलेत. कोणीतरी त्यांना गुजरातीत शिव्या घालतंय. ते म्हणतात, रविवारी मी येणार नाही. आणि मामा नाही, तर आमच्याकडे साखरपुडा नाही."

हर्षदा भिंतीला टेकून खालीच बसली. संजूने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दादा... आईचा फोन हॅक झालाय."

"काय? माझा फोन? माझा?" मी ओरडणार, तोच हर्षदाने माझं तोंड दाबलं. "मोठमाय, प्लीज. एकदाच."

पलीकडचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "अरेरे! असं आहे होय! म्हाताऱ्या माणसांना बरोब्बर गाठतात हो हे लोक. त्या बिचाऱ्यांना काय कळतं!"

बिचाऱ्यांना! मी! ज्या बाईच्या फोनला आजवर परका माणूस बोट लावू शकला नाही, ती बिचारी! खरं सांगून टाकावं असं दहा वेळा ओठांवर आलं. कोड माझा, चूक माझी, पण हॅक? तो अपमान आहे हो! पण पोरीचा तळहात तोंडावर होता आणि ओला होता. गप्प बसले. या घरात मी गप्प बसल्याची ही पहिलीच नोंद.

रविवारी साखरपुडा झाला. थाटात झाला. दिलीपमामा आले, मोठ्या मनाने आले, आणि जेवणं झाल्यावर भर मांडवात खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"मावशी, घाबरायचं नाही. हे बघा, याला फोन म्हणतात स्मार्ट. पण तो स्मार्ट असला म्हणून आपण..."

"हो, भाऊ."

"कोणी लिंक पाठवली तर काय करायचं?"

"तुम्हीच सांगा, भाऊ."

"दाबायची नाही! बंद करून पुन्हा चालू करता येतो का तुम्हाला?"

त्यांनी दाखवलं. मी शिकले. जिग्नेश कोपऱ्यात पाणीपुरी खाताना गुदमरला. सगळं वऱ्हाड कौतुकाने बघत होतं आणि मुलाची आई तर म्हणाली, "किती पटकन कळतं हो यांना!"

शेवटी मामांनी माझ्या हातातून फोन घेतला, माझा पासवर्ड काढून टाकला आणि मला लक्षात राहावा म्हणून नवा, सोपा घालून दिला. नवरदेवाचं नाव आणि पुढे एक दोन तीन. दर रविवारी फोन करून माझ्याकडून तो पाठ म्हणून घेतात.

मी म्हणते. लग्न दिवाळीनंतर आहे, तोवर बदलायची माझी हिंमत नाही.