बेदाण्याच्या खोलीतलं इन्सुलिन

देव आहे की नाही, हा प्रश्न मला सुखाच्या दिवसांत कधी पडला नाही. पडला तो पुरात. कृष्णामाई गावात शिरली. विश्रामबागेतल्या आमच्या घराला पाणी लागलं नाही, पण वीज गेली आणि फ्रिज बंद पडला. आत सौभाग्यवतीचं इन्सुलिन. दुकानं बंद, रस्ते पाण्याखाली. ते बिघडलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं. मी देवघरातल्या गणपतीशी चक्क भांडलो. तुझं बरं आहे, तुला मोदक चालतात, असं म्हणताना आवाज नाटकी होता, पण भीती खरी होती.

तेवढ्यात शेजारीण सांगत आली, की कोपऱ्यावरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे मालक, चाचा, सगळ्या गल्लीची औषधं ठेवून घेतायत. इन्सुलिन स्टीलच्या डब्यात घालून मी धावलो. जनरेटरला डिझेल थोडंच होतं, म्हणून चाचांनी एकच खोली चालू ठेवली होती, आणि तीही औषधांसाठी रिकामी केलेली. त्यांचा स्वतःचा माल बाहेर उबेत पडला होता. बेदाणा काळा पडेल की, मी म्हटलं.

"पडू दे. काळा बेदाणा खिरीत चालतोय. बिघडल्यालं औषध कुठं चालतंय?"

ते डब्याला चिठ्ठी लावू लागले. मी ऐटीत नको म्हटलं. डबा गल्लीतल्या एका लग्नात आहेर मिळालेला, त्यावर नवरानवरीची नावं कोरलेली. आणखी ओळख कशाला?

दुसऱ्या दिवशी डबा न्यायला आत गेलो आणि दारातच थबकलो. त्या लग्नाला सारी गल्ली जेवली होती! फळीवर तसेच डबे, त्याच नवरानवरीचे. उघडून पाहिले तर कित्येकांत इन्सुलिन, निरनिराळ्या प्रकारचं, आणि आमचं कोणतं ते मला सांगता येईना. फोनही बंद, घरी विचारायची सोय नाही. चाचांनी शांतपणे एकेक डबा उलटा केला. प्रत्येकाच्या तळाला चिठ्ठी होती, आणि एक माझ्या नावाची. मी गेल्यावर त्यांनीच चिकटवलेली.

"दादा, माल कुणाचा बी असू दे, चिठ्ठीबिगर आत जात न्हाई," म्हणाले, आणि वहिनीस्नी उशीर होतोय म्हणून मला पिटाळलं.

सौभाग्यवतीने सुई टोचून घेतली आणि मी शेजारी बसून रडलो. "आता तुम्ही पूर वाढवू नका," ती म्हणाली.

मी देवाकडे वीज मागत होतो. काय द्यायचं, कुणाच्या हातून, हे त्याच्यावर सोडायचं मला सुचलं नव्हतं. ज्याचा धंदाच त्या गारव्यावर चालतो, त्याने तो गल्लीला वाटून टाकला. त्या दिवशी मी हात जोडले तेव्हा तोंड देवघराकडे होतं की कोपऱ्याकडे, ते मात्र विचारू नका.