थोटकांच्या बरण्या

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराने आजवर काढलेला समुद्र निळा झाला असेल तर तो आपल्यामुळे, अशी माझ्या आतोबांची पक्की समजूत आहे. आणि पंचवीस वर्षं त्यांच्याशी वाद घालून झाल्यावर आता ती माझीही झाली आहे. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्येचे यजमान. वसईकडच्या एका कारखान्यात होणाऱ्या रंगीत खडूंची, रंगपेट्यांची आणि चित्रकलेच्या वह्यांची सबंध जिल्ह्याची एजन्सी त्यांच्याकडे आहे. माल वसईहून निघतो, कोल्हापूरच्या डेपोत जातो, आंबा घाट उतरून आतोबांच्या गोडाऊनमध्ये येतो आणि तिथून त्यांच्या म्हाताऱ्या व्हॅनमधून गावोगावच्या दुकानांत पोचतो. वसईहून रत्नागिरीला यायला कोल्हापूर कशाला लागतं, हे कारखान्यात अजून कुणाला सांगता आलेलं नाही. पण आतोबा हा प्रवास असा काही रंगवून सांगतात की भगीरथालासुद्धा वाटावं, आपलं काम त्या मानाने सोपं होतं.

शाळा उघडतात जूनमध्ये, म्हणजे माल यायचा मे महिन्यात, आणि मे महिन्यात आमच्याकडे जिथे माणसाचं पाणी पाणी होतं तिथे मेणाच्या खडूची काय कथा? म्हणून आतोबा पहाटेच साखरप्याला जाऊन कोल्हापूरच्या टेम्पोची वाट बघत उभे राहतात. टेम्पो आला की खोक्यांवर ओली गोणपाटं टाकायची, ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि ऊन चढायच्या आत गाडी रत्नागिरीत आणायची, हा त्यांचा नेम. एकदा आतोबा आणि आत्या लांज्याला एका लग्नाला निघाले तेव्हा वाटेतल्या दुकानांत द्यायची चार खोकी व्हॅनमध्ये होती. आतोबांनी खोकी सावलीच्या बाजूला ठेवली आणि आत्येला उन्हाच्या बाजूला बसवलं. शालू नेसून घामाघूम झालेली आत्या म्हणाली, "लग्न माझ्याशी केलंत का या खोक्यांशी?" आतोबांनी प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तू वितळत नाहीस गो." आत्या परतीचा प्रवास एसटीने करून आली.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे बरण्या. प्रत्येक दुकानाच्या फळीवर त्यांनी एकेक प्लॅस्टिकची बरणी ठेवलेली आहे. पोरांनी वापरून उरलेली खडूंची थोटकं त्यात टाकायची आणि दहा थोटकांमागे हव्या त्या रंगाचा एक नवा कोरा खडू घ्यायचा. महिन्याच्या शेवटी आतोबा बरण्या घरी आणतात, पडवीत वर्तमानपत्र पसरून एकेक उपडी करतात आणि चष्मा कपाळावर चढवून थोटकं निवडत बसतात. कुठला रंग नखाएवढा होईपर्यंत घासलाय, कुठला नुसता पडून आहे, हे बघून त्या गावाला पुढच्या महिन्यात कुठले सुटे खडू न्यायचे ते ठरतं. आत्या म्हणते, इतकं मन लावून यांनी कधी तांदूळ निवडले असते तर माझा जन्म सुखात गेला असता.

या शास्त्राने त्यांना एकदाच दगा दिला, पण दिला तो सणसणीत. पावसच्या पुढच्या एका गावच्या बरणीत दोन महिने काळ्याचं एकही थोटूक सापडेना. आतोबांनी निदान केलं की तिथली पोरं काळा खडू बोटांत धरता येईनासा होईपर्यंत वापरतात, आणि चाळीस डझन काळे खडू मागवून त्या दुकानात नेऊन टाकले. दुकानदार हबकलाच. मग उलगडा झाला. आंब्याचा हंगाम चालू होता, आणि हा गृहस्थ बरणीतली काळी थोटकं वेचून मुंबईला जाणाऱ्या आपल्या पेट्यांवर पत्ते लिहीत होता. आतोबा भडकले तर तो शांतपणे म्हणाला, "मंग पेटीवर नाव कशान लिवायचा?"

ही चाळीस डझनांची कीर्ती कंपनीपर्यंत गेली. मागच्या वर्षी कंपनीने ठरवलं की मधले एजंट बंद करायचे, सुटे खडू बंद करायचे आणि संगणक सांगेल तेवढ्या पेट्या डेपोतून थेट दुकानात पाठवायच्या. तसं सांगायला पुण्याहून एक तरुण साहेब यायचा होता. आत्येचा मला फोन आला, "तू रजा टाकून ये. यांनी दोन दिवस एकाही माणसाशी भांडण केलेलं नाही." एजन्सी गेली असती तर आतोबा उपाशी मेले नसते, पण पहाटे उठायला त्यांना काही कारण उरलं नसतं. मी तडक निघाले.

साहेब पडवीत बसला होता. मुलगा तसा बरा होता, कोकम सरबत मागून घेऊन प्यायला. पण लॅपटॉप उघडून त्याने पहिलंच विचारलं, "काका, ते काळ्या खडूंचं काय झालं होतं?"

"चुकलो," आतोबा म्हणाले. "बरणीचं काही चुकलं नव्हतं. मी घाईने वाचली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, कालच आणलेल्या बरण्यांतल्या चार उचल. झाकणांवर गावांची नावं आहेत, ती झाकणं काढून यांच्याकडे दे आणि कुठली कुणाची ते तुम्ही दोघं लक्षात ठेवा. मी पाठ फिरवून बसतो. एक जरी गाव चुकलो तर एजन्सी आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

आत दाराशी उभ्या आत्येने कपाळावर हात मारला. मी मनात म्हटलं, गेली एजन्सी.

पहिली बरणी उपडी केली. आतोबांनी बोटाने थोटकं पसरली. "राखाडी पार संपलाय. जयगड. बंदर झाल्यापासून तिथली पोरं होडी सोडून जहाज काढतात." साहेबाने झाकण बघितलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली. दुसऱ्या बरणीत शेंदरी नखाएवढा, त्याच्या खालोखाल पिवळा. "गणपतीपुळे. शेंदरी देवाला, पिवळा वाळूला. यात मी काय मोठं सांगितलं?" तिसऱ्या बरणीतला एक काळा खडू उचलून त्यांनी साहेबाच्या नाकासमोर धरला. "हा एका अंगाने झिजलाय, बघा. पट्टी धरून ओढलेला आहे. वीजघरातल्यांची पोरं, मनोरे न् तारा काढतात. पोफळी." साहेबाने लॅपटॉप मिटला. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण आत्येने आतूनच माझ्यावर डोळे वटारले.

चौथी बरणी उपडी झाली आणि आतोबा एकेक खडू उचलून उलटसुलट करून बघत राहिले. खडू जवळजवळ अख्खे होते, सगळ्या रंगांचे, काहींवरचा कागदसुद्धा फाटलेला नव्हता. साहेब म्हणाला, "काय काका, अडलं?"

"दहा धड खडू देऊन एक घेईल असं पोर आपल्याकडे नाही," आतोबा हळूच म्हणाले. "ज्यांनी हे टाकले त्यांना बदल्यात काही नकोच होतं. सामान बांधताना टाकून गेली ती. संगमेश्वरच्या आतलं, नदीपलीकडचं गाव. शाळेत दोनच पोरं उरली होती. बंद झाली वाटतं शाळा."

गाव बरोबर होतं. साहेबाने तिथेच दुकानदाराला फोन लावला. शाळा महिन्यापूर्वी बंद झाली होती आणि ती दोन भावंडं आईबापांबरोबर विरारला गेली होती. कंपनीच्या यादीत त्या गावाला गेल्या वर्षीइतक्याच पेट्या जाणार होत्या. साहेबाने ती यादी आतोबांसमोर सरकवली आणि म्हणाला, "काका, एजन्सी तुमचीच. सुटे खडूही देतो. आता प्रत्येक गावाचं तुम्हीच सांगा, मी लिहितो." आतोबा सांगत गेले, राजासारखे, मांडी घालून. बंदरावर राखाडी जास्त, पुळ्याला शेंदरी जास्त, आणि साहेब शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून लिहीत गेला.

शेवटी साहेब म्हणाला, "त्या नदीपलीकडच्या गावाला काही नको ना?"

"एक पेटी लिहा. मोठी, पंचवीस रंगांची."

"कुणासाठी?"

"गणपतीला येतील ना पोरं. येताना रंग आणायचं कुणाच्या लक्षात राहतं?"

साहेबाने लिहिली.

गेल्या गणपतीत ती पेटी त्या गावच्या दुकानात ठेवायला आतोबांबरोबर मीही गेले होते. यंदा पुन्हा गेलो, तर जुनी पेटी फळीवर तशीच होती, वरचं सील न फोडलेली. पोरांना या वर्षीही सुट्टी मिळाली नाही, दुकानदार म्हणाला. आतोबांनी ती पेटी काढून घेतली, कारण वर्षभर पडलेला खडू हातात द्यायचा नसतो, आणि तिच्या जागी कोरी ठेवली. मग दोन पावलं मागे सरून फळीकडे बघितलं, पुढे झाले आणि पेटी खालच्या फळीवर आणली.

"इथे असू दे," ते दुकानदाराला म्हणाले. "वर त्यांचा हात पुरायचा नाही."