मार्चपर्यंत भरलेली वही

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमची शाळा औरंगाबादेत कापसाच्या एका रिकाम्या वखारीत भरायची. वखार रिकामी म्हणायची, पण कापूस काही पुरता गेलेला नव्हता. पोरं एकदम शिंकली की रंगीन दरवाज्यापर्यंतची कबुतरं उडायची. अतिशयोक्ती वाटत असेल तर दोन-चार घरं अलीकडची म्हणा, पण उडायची.

शाळा खाजगी. ती काढली मोठ्या बाईंनी, आणि तिचा अभ्यासक्रमही त्यांनीच जांभळ्या शाईत, एकटाकी लिहिला. सरकारी मराठी पुस्तकं तेव्हा वेळेवर येत नव्हती आणि आम्ही मास्तर सगळे निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले. बाई म्हणाल्या, "पुस्तकाची वाट बघायची नाही. तिसरीचा भूगोल शाळेच्या उंबऱ्यापासून सुरू करा. मग गल्ली, मग दरवाजा, मग खाम नदी. गणितात आधी हातानं मोजायचं, पाढे नंतर." आणि प्रत्येक मास्तरनं रोजचं टाचण काढायचं: आज काय शिकवणार ते आधी लिहायचं, शिकवून झालं की शेवटच्या रकान्यात शेरा.

मी तिसरीचा मास्तर. उन्हाळ्याच्या सुटीत फुलंब्रीला घरी गेलो, लिंबाखाली खाट टाकली आणि अख्ख्या वर्षाचं टाचण तीन दिवसांत उडवलं. हात असा चालला होता की थांबवता येईना. जून झाला, जुलै झाला, दिवाळी ओलांडली, मार्च गाठला. चालत्या हातानं शेवटचा रकानाही भरून टाकला. "पूर्ण. मुलांना उत्तम समजले." दोनशे वेळा तेच. मधे मधे चव बदलावी म्हणून "अत्युत्तम."

ऑगस्टात तपासणी आली. तिच्यावर सगळं टांगलेलं होतं. शाळेला मान्यता नव्हती, आणि मान्यता नसलेल्या शाळेतली चौथी पास झालेली पोरं सरकारी शाळा पाचवीत घेणार नव्हती. पालकांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत कागद आला तर ठीक, नायतर पोरं काढतो." पोरं गेली की शाळा संपली. बाईंनी तिच्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

तपासणीचे साहेब आले. शेरवानी जुन्या अमदानीची, मराठी नव्या. खुर्चीवर बसले आणि हात पुढं केला. "मास्टरसाब, टाचण."

मी वही दिली तेव्हा मला काहीच आठवलं नाही. आठवलं ते साहेबांचं बोट पान उलटता उलटता थांबलं तेव्हा.

"आज कोणता महिना?"

"ऑगस्ट, साहेब."

"इथं फेब्रुवारीत दिडकी, दीडाचा पाढा, पूर्ण झाली. मुलांना अत्युत्तम समजली." त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. "ये टाचण है या पंचांग?"

माझ्या सदऱ्यातून इतका घाम गेला की नहर भरून पाणचक्की दोन दिवस फिरली असती. तरी जीभ काही गप्प बसेना. "साहेब, पोरं लई हुशार आहेत. पुढं पुढं पळतात."

"अच्छा. मग विचारतो." साहेब वर्गाकडं वळले. "दिडकी. सात दिडके किती?"

एक शिंक आली, तीसुद्धा अर्धी. चाळीस जोडी डोळे माझ्याकडं, आणि मी छताच्या कापसाकडं. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

बाई दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"साहेब, ती वही खोटी आहे. दिडकी अजून शिकवलेलीच नाही. शेरा मारायचा तर माझ्या नावावर मारा, वही तपासायचं काम माझं होतं. पण अभ्यासक्रम खोटा नाही. आजचा धडा विचारा."

साहेबांनी टोपण लावलं नाही. "आजचा काय आहे?"

"मापन."

"ठीक. हे टेबल किती लांब?"

पाच पोरं धावली. वितीनं मोजलं. एक म्हणालं नऊ, एक साडेनऊ, एक दहा, दोघांचं दहाच्या वर, तेही वेगवेगळं. साहेबांचा चेहरा काळवंडला. "एक टेबल, पाच जवाब? हे शिकवता बाई?"

दोन वेण्यांची एक पोरगी उभी राहिली. तिचा बाप गुलमंडीला कापडाच्या दुकानात होता. "साहेब, तुमची वीत लावा ना."

मी डोळे मिटले. उघडले तर साहेब टेबलावर वाकलेले. "सात."

"मग कपडा घ्यायला तुम्हीच चला," पोरगी म्हणाली. "तुमच्या हातानं मोजला तर दुकानदार बुडंल. म्हणून तर अब्बा... म्हंजे वडील, लोखंडी गज ठेवतात. तो कुणाच्याबी हातात द्या, तेवढाच भरतो. आमच्या विती लहान-मोठ्या, म्हणून जवाब पाच."

साहेबांनी आपला पंजा उलटसुलट बघितला, पेनाला टोपण लावलं. मग माझी वही उचलली, काखेत मारली.

"मान्यता एक साल," ते बाईंना म्हणाले. "पुढच्या ऑगस्टात येतो. ही वही माझ्याकडं. मास्टरसाब नवी काढतील. रोजची, आणि बाई, आपण रोज दस्तखत करणार."

ते गेल्यावर बाईंनी कपाटातून कोरी वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी मी दिडकी घेतली, साहेबांचा राग डोक्यात ठेवून, घाईघाईनं. पोरं माझ्याकडं अशी बघत होती जणू मी फारसीत गात होतो.

शाळा सुटल्यावर वही उघडली. शेवटच्या रकान्यात हात आपोआप "पू" वर गेला होता. तो खोडला. लिहिलं, "समजली नाही. उद्या पुन्हा."

बाईंनी वाचलं, चष्मा सारखा केला आणि खाली सही केली. जांभळ्या शाईत.