पॅरींच्या बाकावरची खोली

नेस्टाने आमच्या सिलो चॅपलचे, म्हणजे गावातल्या प्रार्थनाघराचे, बाक एकेचाळीस वर्षं पुसले. चॅपलला लागूनच तिचं घर, राखणदारणीला मिळालेलं. लग्न बाक पुसता पुसता राहून गेलं म्हणते. खरं म्हणजे तिच्या पसंतीला उतरेल असा माणूस अजून वेल्समध्ये जन्मायचाय.

पुढे रविवारच्या उपासनेला आम्ही सातच जणी उरलो. छप्पर गळू लागलं, तेव्हा आम्हीच हात वर करून चॅपल विकायला होकार दिला. आता आत नऊ फ्लॅट झालेत, लिफ्टसकट. नेस्टाच्या घराच्या जागी जिना आला, म्हणून तिला तळमजल्यावरचा तीन नंबर द्यायचं ठरलं. शुक्रवारपर्यंत सही हवी, नाहीतर तो दुसऱ्याला जाणार.

बाई सहीच करेना.

फ्लॅटवाल्यांच्या ऑफिसातली कॅरिस माझ्याकडे आली. "आजी, तुम्हीच समजवा. ऊन येतं, न्हाणीघरात धरायला दांडी आहे. आणखी काय हवं त्यांना?"

मी गेले. नेस्टा फ्लॅटच्या दारातच उभी, आत पाऊल टाकेना.

"आपण कुठे आहोत, सांग बरं."

मी खिडक्या मोजल्या. डावीकडची दुसरी. "अगं बाई! पॅरींचा बाक!"

आमच्याकडे प्रत्येक घराचा बाक ठरलेला. दुसऱ्याच्या बाकावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. एकदा नव्या पाळकांची बायको चुकून पॅरींच्या बाकावर टेकली, तर म्हातारी पॅरी सगळी उपासना संपेपर्यंत तिच्याकडे बघत उभी राहिली.

"त्यावर मी कधी बसलेसुद्धा नाही," नेस्टा म्हणाली. "आता पलंग टाकून लोळू?"

तिचं चुकतंय असं मला म्हणवेना. आमच्या बाकावर दोन नंबरवाल्यांचा फ्रिज आलाय, मला कुणी विचारलं नव्हतं.

पॅरींपैकी एकटा एमलिन उरलाय, नव्वदीचा, वृद्धाश्रमात. गुरुवारी मनुकांचा ब्रेड घेऊन आम्ही बसने गेलो. नेस्टाने ठेवणीतली टोपी घातली होती, मागणी घालायला निघाल्यासारखी.

एमलिनने सगळं ऐकून घेतलं. "फ्लॅट केवढा?"

"तुमचा बाक, प्रोबर्टांचा बाक, आणि मधली अर्धी वाट."

"मग प्रोबर्टांना विचारलंस?"

"ऑस्ट्रेलियात फोन केला. त्यांच्या नातीला बाक म्हणजे काय तेच कळेना. पण हो म्हणाली."

एमलिनने ब्रेडचा तुकडा तोडला. "आमचा बाक इतकी वर्षं कोण पुसायचं?"

"मीच की."

"माझ्या आईने त्यावर कधी फडकं फिरवलं नाही. जा पोरी, खुशाल लोळ." मग बोट वर केलं. "भिंतीकडचा कोपरा मात्र माझा. तिथे कुणाला बसवायचं नाही."

"म्हणजे काय! ते सांगायला हवं का?" नेस्टा म्हणाली.

शुक्रवारी सही झाली. पलंग प्रोबर्टांच्या बाजूला लागला, भिंतीकडच्या कोपऱ्यात एक खुर्ची आली. परवा कॅरिस दमूनभागून आली आणि खुर्चीकडे वळली, तर नेस्टाने तिला दंडाला धरून पलंगावर बसवलं आणि चहा टाकला.